गिटारचा पन्हा

मेश्रामकाकांच्या पिशवीत पाच वस्तू असत. एकदा त्यांच्यासमोरच मी त्यांची यादी केली होती: जेवणाचा डबा, चष्म्याची जादा जोडी, पाण्याची बाटली, काळी चिकटपट्टी आणि कापड मोजायचा लोखंडी मीटर. पहिल्या चार कुणाकडेही सापडतील. पाचवी पिशवीतून हातभर बाहेर डोकावत असे आणि बसमध्ये लोकांना टोचत असे. कोराडीहून गांधीबागेपर्यंतच्या प्रवासात त्यावरून भांडण झालं नाही असा रविवार विरळा.

"काका, हा मीटर स्टुडिओतच ठेवत जा ना," मी सुचवलं होतं.

"अन् घरी काही मोजाचं पडलं तर?"

घरी ते काय मोजत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. स्टुडिओत मात्र ते गिटार मोजत. गिटारची लांबी नव्हे. गाणं लागल्यावर गिटार किती रुंद ऐकू येते, ते.

माझा आणि गिटारचा खरं तर काही संबंध नाही. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. बेअरिंग, पट्टे, नट-बोल्ट, काय कधी आलं, काय कुठे ठेवलं. आमच्याच कारखान्यातल्या चौघांनी रॉक बँड काढला तेव्हा वेळापत्रक सांभाळायला त्यांनी मला धरलं. कारण विचारलं तर प्रफुल्ल म्हणाला, "ताई, तुमच्याजवळ वही आहे." प्रफुल्ल फिटर. बँडमध्ये तो ऱ्हिदम गिटार वाजवायचा, म्हणजे गाण्याखाली सतत चालणारी, गाण्याच्या भिंती धरून ठेवणारी गिटार. त्यांची स्वतःची पाच गाणी होती आणि ती नीट रेकॉर्ड करायची होती. शोधता शोधता आम्ही गांधीबागेत हरीशेठच्या कापडाच्या गोदामामागच्या खोलीत जाऊन पोचलो.

खोली मेश्रामकाकांची. वीजकेंद्रात त्यांनी आयुष्यभर मोजमापाची यंत्रं दुरुस्त केली, निवृत्त झाल्यावर हा उद्योग मांडला. खोलीच्या तिन्ही भिंतींना हरीशेठच्या कापडाच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या. आवाज घुमू नये म्हणून लोक महागडे फोम लावतात, काका शेठचा माल वापरत. शेठला जागा मिळे, काकांना शांतता. अडचण एकच: लग्नसराई आली की भिंती विकल्या जात. एका रविवारी आम्ही गेलो तर शर्टिंगची पूर्ण बाजू गायब, आणि नितीनचा ड्रम पत्र्याच्या शेडमध्ये ठेवल्यासारखा वाजू लागला. काका शांतपणे म्हणाले, "आज गायन घेऊ. ड्रम सुटिंग आल्यावर."

मी वहीत लिहिलं: ड्रम, सुटिंग आल्यावर.

आता मीटरबद्दल. खोलीच्या मधोमध, दोन स्पीकरपासून सारख्या अंतरावर एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. आत येणाऱ्या प्रत्येकाला काका आधी तिथे बसवत. बँडच्या पोरांना, चहावाल्याला, वीजबिल द्यायला आलेल्याला.

"बसा. डोळे मिटा. गिटार कुठून कुठवर पसरून राहिली, हात पसरून दाखवा."

माणूस डोळे मिटून हात पसरे. काका उठत, या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत मीटर धरत आणि आकडा सांगत. "एक मीटर दहा. ताई, लिहा." मी लिहीत असे. पहिल्या महिन्यात मला वाटलं, विक्षिप्त माणूस आहे. दुसऱ्या महिन्यात वाटलं, शिकवायची ही त्यांची पद्धत आहे. दोन्ही अंदाज चुकले, ते पुढे सांगते.

या गोष्टीला शब्द दिला हरीशेठने. रविवारी बाजार बंद असला तरी शेठ गोदाम बघायला यायचेच. एकदा काकांनी त्यांनाही खुर्चीत बसवलं. शेठने डोळे मिटले, हात पसरले, पसरतच गेले आणि ओरडले, "अरे मेश्राम, ये तो डबल पन्हा है!" मग मान हलवून म्हणाले, "लेकिन माल पतला है."

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. काका एवढे खूश झाले की शेठना त्यांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर दिली. त्या दिवसापासून आमच्याकडे गिटारला पन्हा आणि पोत आला. "पन्हा वाढवाचा, पण पोत नाई जाऊ द्याचा," हे वाक्य काका दर रविवारी किमान चारदा म्हणत. मी एकदा मोजलं होतं, अकरा.

गिटार रुंद करायची सरळ रीत अशी की तेच दोनदा वाजवायचं. एक वाजवणं डाव्या स्पीकरमधून सोडायचं, दुसरं उजव्या. दोन वेळच्या वाजवण्यात जरासा फरक पडतोच, त्या फरकातून रुंदी येते. पण प्रफुल्लला तेच दोनदा वाजवता येत नसे. दुसऱ्यांदा त्याला काहीतरी नवीन सुचायचं. तीनदा वाजवायला सांगितलं तर तीन वेगळी गाणी तयार व्हायची.

"काहून रे, कारखान्यात नटावर पाना तरी दोनदा सारखा फिरवतं का?" काकांनी विचारलं.

"आठ तास तेच करतो काका. म्हणून तर इथं नाई करत."

काका हसले. "मंग तुह्या गिटारले उशीर लावावा लागते."

तो उशीर म्हणजे डिले. एकदाच वाजवलेल्या गिटारची नक्कल काढायची, मूळ उजवीकडे ठेवायचं, नक्कल डावीकडे, आणि नक्कल किंचित उशिरा सोडायची. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा-वीस, फार तर तीस. हे समजावायला काकांनी मला गाठींकडे तोंड करून उभं केलं आणि माझ्या दोन बाजूंना बेसवाला सलीम आणि गाणारा दिनेश यांना टाळ्या वाजवायला लावल्या. दोघांची टाळी अगदी एकत्र पडली की मला मध्येच कुठेतरी एक टाळी ऐकू येई. एकाची कणभर मागे पडली की टाळी एकदम फुगून मोठी होई. दिनेश फारच मागे पडला तेव्हा दोन टाळ्या झाल्या.

"हे पाहा," काका म्हणाले. "उशीर कमी झाला तर पन्हा येत नाई. जास्त झाला तर मागून कोनी चिडवून राहिला असं वाटते. मधातली जागा सापडली पाहिजे."

ती मधली जागा शोधणं हेच त्यांचं खरं काम. प्रत्येक गाण्याची पट्टी वेगळी, म्हणून प्रत्येक गाण्याचा आकडा वेगळा. काका एकेक करून पुढे सरकत. "सतरा... अठरा... एकोनीस. थांब. इथं पोकळ झाली. वीस... एकवीस. हां, भरली." मग नक्कलेतला जाडा आवाज थोडा कापत, तिला मूळ आवाजापेक्षा जरा दबकी ठेवत. दीड-दीड तास हे चाले. आम्हा पाचही जणांना त्या एकोणीस आणि एकवीसमध्ये काडीचा फरक कळत नसे. आम्हाला दोन्ही सारखेच झकास वाटायचे. काकांना मात्र ती पोकळी दाताखाली खडा यावा तशी लागायची.

त्यांच्या सवयींची माझी एक वेगळी यादी होती. चालताना नेहमी बरोबरच्या माणसाच्या डाव्या बाजूने चालायचे. चुकून आपण त्यांच्या डाव्या हाताला गेलो तर दोन पावलांत मागून वळसा घालून बाजू बदलायचे. मी याला जुन्या वळणाचा शिष्टाचार समजत होते. चहाला बसले की पाठ भिंतीला आणि डावा खांदाही भिंतीला. गाणं ऐकताना मान तिरपी. रस्त्यात कुणी हाक मारली की आधी चुकीच्या दिशेला बघत, मग स्वतःवरच हसत. हेडफोन लावलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत. "डोकं गरम होते," म्हणत. एवढं सगळं वहीत लिहून ठेवूनही मला त्याची बेरीज करता आली नाही.

बेरीज झाली लग्नसराईतल्या एका रविवारी. त्या सकाळी शेठच्या हमालांनी गाठी हलवल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा काका अर्ध्या तासापासून काम करत बसले होते आणि चेहरा नुसता फुललेला.

"या, या! ऐका. आज जमली. एक पोकळ जागा नाई. असा पोत आजवर आला नाई!"

प्रफुल्ल खुर्चीत बसला. डोळे मिटले. हात पसरायच्या ऐवजी त्याने फक्त उजवा हात वर केला आणि उजव्या स्पीकरकडे बोट दाखवलं.

"काका, डावा स्पीकर बंद आहे."

मी वाकून पाहिलं. गाठ ओढताना डाव्या स्पीकरची तार निघून आली होती. उशिराची नक्कल वाजतच नव्हती. एकटी मूळ गिटार वाजत होती, मग पोकळ कुठून होणार? दोन कानांचा कुणीही माणूस दाराबाहेरून हे सांगू शकला असता.

काकांनी तार हातात घेतली.  मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मले डावा कान नाई गा. सहा वर्षांचा होतो, गालगुंड झाले, तवापासून."

 

"म्हणजे तुमाले पन्हा..." प्रफुल्ल म्हणाला.

"कधीच ऐकला नाई. म्हनून तर मीटर आनला."

प्रफुल्लला राग आला होता, आणि तो राग मला समजत होता. त्याच्या पाच गाण्यांवर त्याने वर्षभराचे रविवार लावले होते. "तुमी आमाले सांगितलं काहून नाई?"

"सांगितलं असतं तर तू या खुर्चीवर बसला असता का?"

प्रफुल्ल खुर्चीवरून उठला.

"एका पार्टीले सांगितलं होतं," काका म्हणाले. "चांगले पोरं होते. 'उद्या येतो' म्हनत हसत हसत गेले. अजून येऊन राहिले."

पुढच्याच आठवड्यात ठरलं की गाणी दुसरीकडे न्यायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक चकचकीत स्टुडिओ होता, काचेचं दार, थंडगार खोली. फाइली आणायला मी एकटीच गांधीबागेत गेले, कारण बाकी कुणाची काकांसमोर उभं राहायची छाती नव्हती. काकांनी एकेक फाइल स्वतः तपासून दिली. वर पाचही गाण्यांचे आकडे एका कागदावर लिहून दिले: गाणं, पट्टी, उशीर किती, पोकळ कुठे होते.

"हे त्याईले दे वं ताई. त्याईचा वेळ वाचन."

नव्या इंजिनियरने तो कागद उघडलाही नाही. मी परत मागून घेतला आणि वहीत ठेवला.

त्याने केलेलं काम वाईट नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. हेडफोन लावून 'तिसरी पाळी' हे गाणं ऐकलं तर गिटार कानांच्याही बाहेर गेल्यासारखी वाटत होती. प्रफुल्लने तर माझ्या टेबलासमोर उभं राहून हात पूर्ण पसरले आणि मागच्या रॅकवरचा बेअरिंगचा खोका पाडला.

रेकॉर्ड केलेलं गाणं पहिल्यांदा लोकांसमोर वाजणार होतं ते आमच्या कामगार वसाहतीच्या मैदानावर, क्रिकेटच्या सामन्यांच्या बक्षीस समारंभात. रविवारची सकाळ, मंडप, आलुबोंड्याच्या प्लेटा. प्रफुल्लची बायको आणि सात वर्षांची मुलगी पिहू पहिल्या रांगेत. पिहूने वर्गातल्या चार मैत्रिणींना आणलं होतं आणि "आता माह्या पप्पाची गिटार वाजनार" असं सगळ्या रांगेला सांगून ठेवलं होतं. काकांना मी बोलावलं होतं. येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. पिशवीतून मीटर बाहेर आलेलाच. रांगेच्या डाव्या टोकाला बसले, म्हणजे सगळी माणसं उजव्या कानाकडे.

गाणं सुरू झालं. ड्रम आला, बेस आला, दिनेशचा आवाज आला. गिटार आली, पण रिकाम्या डब्यात माशी कोंडल्यासारखी. पहिलं कडवं संपलं. पिहू उठून प्रफुल्लपाशी गेली आणि साऱ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पप्पा, तुमची गिटार कवा येईन?"

मागच्या रांगा हसल्या. प्रफुल्ल पळत साउंडवाल्याकडे गेला, मी त्याच्या मागे.

"भाऊ, गिटार वाढव!"

"काय वाढवू? एकच लाइन आहे बे. डावं-उजवं एकत्र करून सोडून राहिलो. जे आलं ते हेच."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन बाजू एकत्र झाल्या की नक्कल मूळ गिटारवर येऊन पडते, आणि उशीर चुकीचा असेल, नक्कल बरोबरीची असेल, तर ती मूळ आवाजाचेच तुकडे खाऊन टाकते. काकांना जी पोकळी खड्यासारखी लागायची ती हीच. त्यांच्या एका कानात दोन्ही बाजू रोजच एकत्र पडत होत्या. हे मैदान त्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षं भरलेलं होतं.

माझ्या फोनमध्ये दोन्ही फाइली होत्या. मी काही फेकत नाही. बक्षिसं वाटून झाल्यावर मी साउंडवाल्याला काकांची 'तिसरी पाळी' दिली. तेच बॉक्स, तीच लाइन. गिटार आली ती कारखान्याचं शटर वर जावं तशी, जाड, भरलेली, घरघरत.

"आली!" पिहू ओरडली आणि मैत्रिणींकडे वळली. "सांगितलं होतं नं तुमाले!"

मी काकांकडे पाहिलं. आता ते काहीतरी बोलतील, आणि बोलण्याचा त्यांना हक्क होता. ते आलुबोंडा खात होते. प्रफुल्ल त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला तेव्हा त्यांनी प्लेट पुढे केली. "घे. मिरची चांगली आहे."

"काका..."

"पिहूचे कान चांगले आहेत," काका म्हणाले. "तिले खुर्चीवर बसवू एक दिवस."

पुढच्या रविवारी गांधीबागेत प्रफुल्ल सगळ्यांच्या आधी पोचला होता. मी गेले तेव्हा तो मधली खुर्ची उचलून काकांच्या डाव्या हाताला, अगदी जवळ ठेवत होता.

"काय करून राहिला बे?" काकांनी विचारलं.

"तुमच्या डाव्या बाजूले मी बसतो. तिकडचं मी सांगतो."

"तिथून पन्हा बरोबर नाई समजत. मधातच बसावं लागते."

"मंग तुमी सरका नं."

काका सरकले. एवढ्या महिन्यांत त्यांच्या डाव्या बाजूला त्यांनी कुणाला बसू दिलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून कामाची वाटणी पक्की झाली. पोकळ कुठे होतं ते काका सांगायचे, रुंद किती झालं ते प्रफुल्ल. "पोत माहा, पन्हा तुहा," काका म्हणत. भांडणंही खूप व्हायची. प्रफुल्लला बावीस हवे असायचे, काका एकवीसच्या पुढे हलायचे नाहीत. एका मिलिसेकंदावरून दोन मोठी माणसं चहा गार होईपर्यंत वाद घालताहेत हे पाहून हरीशेठ म्हणाले, "हमारे धंधे में इतना तो कैंची में चला जाता है."

पाचव्या गाण्याचं काम संपलं त्या दिवशी काकांची दुपारची बस निघायची वेळ झाली होती. त्या महिन्याअखेरीस शेठ गोदाम हलवणार होते आणि काका मुलीकडे रायपूरला राहायला जाणार होते, तेव्हा शेवटचंच काम. प्रफुल्लला पाळी होती म्हणून तो आला नव्हता. शेवटची परीक्षा राहिली होती.

"तूच ऐक वं ताई," काका पिशवी उचलत म्हणाले. "मी होतो पुढं. फोनवर सांग."

मी खुर्चीत बसले, डोळे मिटले. वर्षभर इतरांचे आकडे लिहिणाऱ्या मला कुणी कधी नीट बसवलंच नव्हतं, किंवा मीच वही सोडली नव्हती. गिटार दोन्ही बाजूंनी निघाली, स्पीकर मागे टाकले, गाठींवर चढली. माझे हात आपोआप उघडत गेले. आणि मोजायला खोलीत कुणी नव्हतं.

फोनवर सांगायचं तरी काय? आकडा लागतो. मी खोलीला कुलूप लावलं आणि स्टॉपकडे धावले.

बस सुरू झाली होती. काका डाव्या बाजूच्या खिडकीत बसलेले, म्हणजे माझ्याकडे नेमका तोच कान. मी दोनदा हाका मारल्या आणि मग माझं मलाच हसू आलं. पुढे जाऊन बसच्या समोर तिरपी उभी राहिले, त्यांना दिसेन अशी, आणि भर रस्त्यात, पर्स खांद्याला, दोन्ही हात जातील तेवढे पसरले. मागून एका ऑटोवाल्याने ओरडून विचारलं, "काय बाई, उडून राहिल्या का?"

काकांनी पाहिलं. आधी त्यांना कळलं नाही, मग कळलं. मीटर खिडकीतून बाहेर आला. त्यांनी एक डोळा मिटला, लांबूनच तो माझ्यावर आडवा धरला, आणि मागच्या सीटवरचा माणूस "अहो, लागन ना!" म्हणत असताना खिडकीबाहेर डोकं काढून ओरडले,

"दीड मीटर! लिहून घे!"

बस वळली. मी आधी हात खाली केले, मग वही काढली.